पुलापलीकडच्या सुमाक्का

परवा आमच्या हॉस्पिटलातली सुमाक्कांची खोली रिकामी केली. तिथे आता एक्स-रेचं नवं मशीन येणार आहे. शिपाई एकेक वस्तू बाहेर आणून व्हरांड्यात मांडत होता आणि मी दारात उभा राहून बघत होतो. परात, पोळपाट, काळवंडलेला तवा, कड्या-कोयंडे ठोकलेली फळी, गिरणीच्या पट्ट्याचा तुकडा, निरनिराळ्या मापाची बटणं लावलेला एक जुना शर्ट. रुखवत मांडावं तसं दिसत होतं सगळं. शिपायानं विचारलं, "सर, ह्ये भंगारात द्यायचं?" मी म्हणालो, "दे." मला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं मात्र लक्षात आलं.

मी फिजिओथेरपिस्ट. पेशंट मला कसरतीचा डॉक्टर म्हणतात, माझी त्याला हरकत नाही. सुमाक्का ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. हा शब्द कोल्हापुरात कोणाच्या तोंडात बसत नाही. बरेच दिवस लोक त्यांना 'भाकरीच्या डॉक्टरीणबाई' म्हणायचे. आमच्या दोघांच्या कामात फरक काय, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असे. "सर तुमास्नी उठवून हुबं करत्यात. मी तुमास्नी कामाला लावतो." आमच्याकडे बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, आणि सुमाक्का तर सीमेवरच्या. दूधगंगेचा पूल ओलांडला की लागणाऱ्या कर्नाटकातल्या एका खेड्यात त्यांचं माहेर. शिकल्या तिकडेच, नोंदणीही तिकडचीच. नवरा बँकेत, त्याची बदली कोल्हापूरला झाली म्हणून त्या इकडे आल्या.

ठेंगणा बांधा, इरकली साडी, वर पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात कायम एक सुतळीचा गुंडा. सुतळी कशाला लागते, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "गाठ सोडायला लागती की वो माणसाला." आणि खरंच, समोर आलेल्या पेशंटच्या हातात त्या आधी सुतळीची गाठ देत. तो ती सोडवत असेपर्यंत त्याच्या बोटांकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत. मोजणी कानडीत चाले. ओंदु, येरडु, मूरु. आमच्या वॉर्डात शुक्रवार पेठेतली माणसंसुद्धा कानडीत मोजत हात वर-खाली करायची. मला त्याचा सुरुवातीला त्रास होत असे. मग सवय झाली.

'काय होतंय?' असं त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. त्या विचारायच्या, "काय करत हुता?" म्हणजे आजारी पडायच्या आधी. त्या उत्तरावर पुढचं सगळं ठरे. विणकऱ्याला दोरा, सोनाराला चिमटा, घरच्या बायकांना परात. मुरगूडच्या एक आजीबाई आल्या होत्या, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. सुमाक्कांनी परात पुढे सरकवली तर आजीबाई तडकल्या, "मी आयुष्यात भाकरी थापलेली न्हाय. घरात तीन सुना हायत्या."

"मग काय करत हुता?"

"हुकूम सोडत हुतो."

"कसं सोडत हुता? बसूनच? का बोट करून?"

आजीबाई म्हणाल्या, "बोट करून."

"मग काढा की बोट. ती कोपऱ्यात हुबी हाय बघा नर्स, तिला सांगा पाणी आणायला."

पुढचे पंधरा दिवस आमच्या नर्सचा जीव त्या बोटानं खाल्ला. पण आजीबाईंच्या हातातलं पहिलं हललं ते तेच बोट. सुमाक्कांनी शाब्बास वगैरे काही म्हटलं नाही. त्या कोणालाच म्हणत नसत. "आता घरला जाऊन करा," एवढंच म्हणत.

आणि एक होतं. पेशंटनं केलेली भाकरी टाकायची नाही, असा त्यांचा नियम होता. जाड, कच्ची, एका बाजूनं करपलेली, कशीही असो, दुपारी त्या तीच खायच्या, खर्ड्याबरोबर. स्वतःचा डबा नर्सला देऊन टाकायच्या. करणारी बाई समोर बसून बघत असायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, पोट बिघडेल." त्या म्हणाल्या, "बिघडतंय की. पर तिनं केल्याली कुणी खाल्लीच न्हाय तर ती उद्या कशाला करंल?" मी माझा डबा उघडला आणि जेवलो. मला कोणी करपलेली भाकरी दिली असती तर मी ती खाल्ली नसती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तात्या खाडे आमच्याकडे आला तो उजवी बाजू गेलेल्या अवस्थेत. धंदा म्हशींचा. संध्याकाळी म्हशी घेऊन कट्ट्यावर उभं राहायचं आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा. माणूस दांडगा, आवाज त्याहून दांडगा. माझ्याकडे महिनाभरात तो काठी टेकत चालायला लागला आणि मी मनातल्या मनात त्याची फाईल बंद केली. तात्या म्हणाला, "डॉक्टर, चालून कुठं जाऊ? म्हशीजवळच जानार. आन् तिथं जाऊन काय करू, तिच्या तोंडाकडं बघत बसू?"

सुमाक्कांनी त्याला खिडकीशी बसवलं. रबरी हातमोजा घेतला, पाण्यानं भरला, बोटांच्या टोकांना सुईनं भोकं पाडली आणि सुतळीनं तो गजाला टांगला. खाली चरवी ठेवली.

तात्यानं बघून घेतलं. "ही कसली म्हस म्हनायची?"

"आटल्याली. तुमच्यागत."

खोलीतले सगळे हसले, तात्याची बायको हौसावहिनीसुद्धा. तात्या मात्र पेटला. रोज दोन तास तो त्या मोज्याला भिडलेला असायचा. पाणी चरवीत कमी आणि त्याच्या लेंग्यावर जास्त. शिव्या चालायच्या, त्या मी इथे लिहीत नाही. सुमाक्का मागे उभ्या राहून त्याच्या मनगटाखाली आपली दोन बोटं ठेवायच्या, बाकी काही नाही. पावसाळा सरता सरता एका दुपारी पाण्याची सरळ धार चरवीच्या तळावर वाजली. तात्यानं मान वळवून बघितलं. सुमाक्का म्हणाल्या, "आता घरला जाऊन करा." तात्या पन्नाशीचा माणूस, ढसाढसा रडला.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग तात्यानं उपकार फेडले.

उपकार फेडायची कोल्हापुरात एक पद्धत आहे. साखर वाटून कोणाचं समाधान होत नाही, फ्लेक्स लावावा लागतो. तात्याच्या मंडळाच्या पोरांनी चौकात चांगला मोठा फ्लेक्स चढवला. मधोमध तात्या, शेजारी म्हैस, वरच्या कोपऱ्यात गोल चौकटीत सुमाक्का, आणि खाली गॉगल लावलेले शुभेच्छुक. 'आमच्या तात्यांचा उजवा हात परत मिळवून देणाऱ्या सुमाक्का यांचे जाहीर आभार. लकव्यावर खात्रीशीर इलाज.' त्याच्याखाली पदवी, आणि पदवीपुढे ठळक अक्षरात 'कर्नाटक'. परराज्यातनं शिकून आल्या म्हटलं की वजन पडतं, असा पोरांचा हिशेब होता. सुमाक्कांनी सकाळी बघितलं आणि त्या हॉस्पिटलात येऊन खुर्चीवर बसल्या. "सर, माझं काम झालं," म्हणाल्या. मी विचारलं, "कसलं काम?" तेव्हा त्यांनी सांगितलं, की त्यांची महाराष्ट्रातली नोंदणी नाही.

हॉस्पिटलनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात राज्याराज्याची नोंदणी वेगळी. एका राज्याची दुसऱ्या राज्यात आपोआप चालेल असा काही करार नाही. आता म्हणे देशभर एकच होणार आहे. होईल तेव्हा होईल. इकडची नोंदणी घ्यायची तर आधी तिकडची ना-हरकत आणायची, आणि ती मिळायची तर तिकडचं नाव कमी करून घ्यायचं. सुमाक्का दर रविवारी माहेरी जाऊन भावाच्या अंगणात तिकडचे पेशंट बघायच्या. नाव कमी केलं की ते बंद. म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं टाळलं होतं. हा काही त्यांच्यावर झालेला अन्याय नव्हता. त्यांना दोन्ही बाजू हव्या होत्या, एवढंच. नदी एवढीशी, तिच्या दोन्ही काठांवर एकच ऊस उभा असतो, हे मी समजू शकतो.

फ्लेक्सचा फोटो कोणीतरी मुंबईला, नोंदणी देणाऱ्या कौन्सिलकडे पाठवला. कोणी, ते कळलं नाही आणि मी शोधायला गेलो नाही. पत्र आलं. हॉस्पिटलनं त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, सुतळीचा गुंडा मात्र घेतला.

तात्याला कळलं तेव्हा त्यानं फ्लेक्स स्वतः फाडला. मग हॉस्पिटलात येऊन माझ्यासमोर उभा राहिला. "डॉक्टर, एस्टी हिकडची तिकडं जाती का न्हाय?"

"जाते. दोन सरकारांचा करार आहे."

"ऊस जातो?"

"जातो."

"माझी म्हस मी निपाणीच्या बाजारातनं आनल्याली. तिनं हिकडं दूध दिलं तर चालतंय. आन् बाईनं हात धरला तर चालत न्हाय?"

मी त्याला नियम असा आहे, असं सांगितलं. तात्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही तो नियम मीच केला होता.

मग सुरू झाला तो सगळा पुलापलीकडचा प्रकार. इकडे मनाई आहे, तिकडे तर नाही ना? मग पेशंटच पूल ओलांडू लागले. एसटीनं, मोटारसायकलवर मागे बसून, उसाच्या ट्रॅक्टरवरून सुद्धा. भावाच्या अंगणात सुमाक्कांनी परात मांडली, गोठ्याच्या खांबाला मोजा टांगला. भाऊ, म्हणजे त्यांचा अण्णा, येणाऱ्याला "बर्री, कुंड्री", म्हणजे या, बसा, करून चहा द्यायचा. मी एकदा तात्याबरोबर गेलो होतो. रिक्षा पुलाच्या मध्यावर आली तसा तात्या रिक्षावाल्याला ओरडला, "थांब, थांब. आता माझा फुडचा हात कर्नाटकात हाय आन् मागचा महाराष्ट्रात. कंच्यावर इलाज चालंल, डॉक्टर?" मी हसलो. त्या दिवसांत मी हसत होतो, असं आठवतं.

अंगणात पेशंटांची ही मोठी रांग लागलेली. मुरगूडच्या आजीबाई बाजेवर बसून अण्णाच्या बायकोला बोटानं हुकूम सोडत होत्या. ती बिचारी "हौद री, हौद री", होय जी, होय जी, करत पळत होती. सुमाक्का सगळ्यांत फिरत होत्या. मला म्हणाल्या, "सर, बघा. माहेरला आल्यावर बी सासरचीच मानसं."

पण असं किती दिवस चालणार? ज्यांना गरज जास्त ते पूल ओलांडू शकत नव्हते. खाटेवरच्या माणसाला कोण रिक्षात घालून नदीपार नेणार? एकेक जण यायचा बंद झाला. शेवटी मीच म्हणालो, "अक्का, रीतसर करून टाका. इकडची नोंदणी घ्या." नवऱ्याचंही तेच म्हणणं. सुमाक्कांनी पुष्कळ दिवस घेतले आणि मग अर्ज केला. तिकडचं नाव कमी झालं. इकडचं लागायचं होतं. नोंदणी हातात येईपर्यंत कुठेही, कोणावरही उपचार करणार नाही, असं त्यांनी मुंबईला लिहून दिलं. आधीची तक्रार कागदावर होतीच. पुन्हा एक फोटो गेला असता तर अर्ज फेटाळला जाऊन दोन्हीकडचं दार कायमचं बंद झालं असतं. मला वाटलं होतं, आठवड्या-दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. इकडचे म्हणत, तिकडून खात्री यायची आहे. तिकडचे म्हणत, आम्ही पाठवली. महिने गेले. त्या दिवसांत सुमाक्का पुलाच्या अलीकडेही थेरपिस्ट नव्हत्या आणि पलीकडेही नव्हत्या. घरी बसून त्या काय करत असत, मी विचारलं नाही. एकदा भाजी मंडईत दिसल्या. मेथीची पेंडी सोडवून काडी-काडी वेगळी बघत होत्या. भाजीवाली वैतागली होती.

तात्याला दुसरा झटका आला तो त्याच काळात. पहिल्यापेक्षा मोठा. वाचा गेली, उजवी बाजू पुन्हा गेली. हॉस्पिटलातून घरी पाठवला. मी घरी जाऊन त्याचे पाय हलवत असे. हातही हलवत असे, माझ्याकडून होईल तेवढा. तो हात माझ्या हातात पीठ भरलेल्या पिशवीगत पडून राहायचा. तात्या माझ्याकडे बघतही नसे. दार वाजलं की दाराकडे बघायचा. हौसावहिनी म्हणायच्या, "अक्काची वाट बघत्यात वो. एकडाव नुसतं येऊन जाऊ दे त्यास्नी." मी निरोप दिला. फोनवर सुमाक्कांनी आधी घरात कोण कोण असतं ते विचारलं. मग म्हणाल्या, "येतो. पर पावनी म्हनून येतो, सर. तुमी घरात सांगून ठेवा."

मी सांगून ठेवलं. आणि सांगताना माझ्या लक्षात आलं, की हे सगळं किती चमत्कारिक आहे, पण मला राग येत नाहीये. भूल दिलेल्या दाढेवर जीभ फिरवावी तसं झालं होतं. दाढ आहे हे समजत होतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो. तात्या त्यानंतर थोड्याच दिवसांत गेला. सुमाक्कांची नोंदणी आली, पण ती तात्याच्या वर्षश्राद्धाचा मांडव उतरल्यावर. तोवर नवऱ्याची बदली पुण्याला झाली होती. आता त्या तिथे एका मोठ्या हॉस्पिटलात आहेत, रीतसर, भिंतीवर प्रमाणपत्र लावून, असं ऐकतो. मी त्यांना नंतर भेटलेलो नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तात्याच्या घरी.

संध्याकाळची वेळ होती. पुढच्या सोप्यात खाट, खाटेवर तात्या, आणि दारात शेजारपाजारची चार माणसं, एकदोघांच्या हातात मोबाईल. सुमाक्का आल्या त्या नव्या साडीत. कोट नाही, खिसा नाही. खाटेपासून लांब भिंतीकडेला खुर्ची होती तिच्यावर बसल्या, म्हणाल्या, "काय तात्या, बरं हाय न्हवं?" तात्याचे डोळे त्यांच्यावरून हलेनात. त्या पोराबाळांची चौकशी करत होत्या, म्हशी किती हायत्या विचारत होत्या. चहा झाला. मी तात्याच्या उशाशी उभा होतो. एकदा त्यांची नजर त्याच्या मनगटावर गेली आणि लगेच त्यांनी ती जमिनीकडे नेली. मी मनात म्हणत होतो, धरा एकदा, कोण बघतंय. पण बघायला दारात माणसं होती, आणि ती सगळी त्यांच्यावर माया करणारी होती. फ्लेक्सही मायेनंच लागला होता.

त्या उठल्या तशी हौसावहिनी म्हणाल्या, "पयल्यांदाच घरात पाय लागला तुमचा. रिकामी कशी धाडू?" त्यांनी पाट मांडला, हळद-कुंकू आणलं, सुपात तांदूळ, खण आणि नारळ घेतला. सुमाक्का पाटावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पदर पुढे धरला. वहिनी ओंजळीनं त्यात तांदूळ घालू लागल्या. खण ठेवला, वर नारळ ठेवला.

तेवढ्यात तात्याचा उजवा हात हलला. मी बघितला. मनगट गादीवरनं बोटभर वर आलं आणि बोटं उघडली, सुमाक्कांच्या दिशेनं. दुसऱ्या झटक्यानंतर तो हात पहिल्यांदाच आपणहून हलला होता. तो त्या क्षणाला खालून धरला तर परत कामाला लागू शकतो आणि नाही धरला तर हलणंच विसरून जातो, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. सुमाक्कांनीही बघितलं होतं. त्यांच्या पदरातले तांदूळ थोडे सांडले.

मी हात पुढे केला, पण तात्यानं माझ्याकडे बघितलं नाही. त्याची बोटं हवेत तशीच थरथरत राहिली आणि मग हात खाली पडला.

"वैनी," सुमाक्का म्हणाल्या, "नारळ तेवढा जरा मधी सरकवा. पडंल." वहिनींनी नारळ मध्ये सरकवला. सुमाक्कांनी पदर दोन्ही मुठींत घट्ट आवळून धरला आणि तसाच धरून, खाटेकडे न बघता, त्या दारातल्या माणसांतून वाट काढत बाहेर गेल्या.